डाव्या कोपऱ्यातला हात

थंडी पडली की आमच्याकडच्या हवेला मळीचा वास येतो. कारखान्यांचे बॉयलर पेटलेले असतात, उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून उभ्या असतात आणि पुण्याकडून आलेले पाहुणे गाडीच्या काचा वर करत विचारतात, "हा कसला वास गं?" आम्हाला तो येतच नाही, इतका तो आमचा झालाय. मला मात्र त्या वासाबरोबर पायाच्या तळव्यांना काहीतरी आठवतं. सकाळची, दवाने गार पडलेली, खडे वेचून आणि चाळून मऊ केलेली कबड्डीच्या मैदानाची माती आठवते.

शेवगावजवळच्या एका शाळेत मी खेळ शिकवते. शहरांत आता कबड्डी रबरी मॅटवर खेळतात. आमच्या शाळेला मॅट परवडत नाही आणि खरं सांगायचं तर मला ती नकोही आहे. दिवाळीची सुट्टी संपली की मुली मैदान खणतात, पाणी मारतात, रूळ फिरवतात, मग सुतळी ताणून फक्कीच्या रेषा मारतात. मध्यरेषा दरवर्षी वाकडी येते. मी दरवर्षी ओरडते, मुली दरवर्षी हसतात. जवळच्या रानातून हुरड्याच्या आगटीचा धूर येत असतो आणि सगळ्यांचं लक्ष निम्मं तिकडे असतं. हे दिवस मला वर्षात सगळ्यात जास्त आवडतात आणि याच दिवसांत मला सगळ्यात जास्त उदास वाटतं.

यंदा थंडीबरोबर एक फोन आला. ज्या मंडळाच्या मैदानावर आम्ही मुली असताना खेळलो, त्या मंडळाच्या सचिवांचा. आमच्या वेळच्या जिल्हा संघाचा सत्कार करायचं ठरलंय म्हणाले. शाल, श्रीफळ, फेटा. मी बरं म्हटलं. मग ते म्हणाले, "त्या अकोले तालुक्यातल्या चांगुणाताईंना तुम्हीच फोन करा, मॅडम. आमचं त्या ऐकणार नाहीत. जुनं सगळं विसरून आम्ही त्यांना सन्मानाने बोलावतोय. आणि एक सांगा, त्यांच्या त्या पारंपरिक वेशात आल्या तर फार बरं. फोटो छान येतात."

मी फोन कानाला तसाच धरून उभी राहिले. समोर मुली दोरी ताणत होत्या. रेषा वाकडी जात होती आणि मी ओरडले नाही.

चांगुणा मला पहिल्यांदा दिसली ती जिल्हा संघाच्या सराव शिबिरात. तेव्हा आम्ही दोघी बारावीच्या आतबाहेर असू. शिबिर आमच्या बाजूला, ऊसपट्ट्यातल्या एका मोठ्या गावात होतं आणि ती आली होती जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाहून, भंडारदऱ्याच्या वरच्या डोंगरातून. जीप, एसटी, पुन्हा एसटी असं करत ती पोचली तेव्हा आमची जेवणं चालली होती. तिने दारातच पिशवी ठेवली, पंगतीत बसली आणि शेजारणीला म्हणाली, "ती मपली ताटली हाय का?" मपली म्हणजे माझी. आमच्याकडे असं कुणी म्हणत नाही. सगळ्या मुली फिस्सकन हसल्या, मीही हसले. चांगुणाने सगळ्यांकडे एकदा शांतपणे पाहिलं आणि म्हणाली, "झालं का तुपलं हसून? आता भाजी वाढा." त्या क्षणी मला ती आवडली.

दुसऱ्या दिवसापासून आमचा भाकरींचा व्यवहार सुरू झाला. माझ्या घरून ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी यायची, तिच्या गाठोड्यात तांदळाच्या भाकरी असायच्या, चार दिवसांच्या शिळ्या आणि तरीही पांढऱ्याशुभ्र. तिच्या भाकरीला नव्या भाताचा वास यायचा. तिला माझी चटणी तिखट लागायची, डोळ्यांतून पाणी यायचं, तरी ती मागून घ्यायची. त्या गाठोड्यावर एक लाल रंगाची छापील फडकी गुंडाळलेली असे. त्यांच्याकडच्या बायका डोक्यावरून, खांद्यावरून घेऊन पुढे गाठ मारतात ते वस्त्र. राजूरच्या बाजारातून आईने घेऊन दिलेली. सकाळी थंडीत मैदानावर जाताना चांगुणा ट्रॅकसूटवरून ती फडकी पांघरायची. आम्ही स्वेटरमध्ये कुडकुडायचो आणि ती फडकीत ऐटीत चालायची.

खेळात मी चढाईला आणि ती बचावात, डाव्या कोपऱ्यात. कोपरा ही कबड्डीतली बिनआवाजाची जागा आहे. चढाई करणाऱ्या मुलीकडे सगळ्यांचे डोळे असतात, कोपऱ्यातली खाली वाकून नुसती वाट बघत असते. समोरच्या पोरीचा पाय जरा लांब पडला की चांगुणा तिचा घोटा असा धरायची की सुटायची सोयच नाही. मी तिला विचारलं, हे कुठे शिकलीस? म्हणाली, "उतारावर वासरू पळालं तर काय धराया सापडतंय? पायच की."

पण तिची खरी ओळख होती ती पकड नव्हे, तिचा हात. कबड्डीत चढाई करणारीने हात लावला आणि ती आपल्या बाजूला परत गेली की जिला हात लागला ती बाद. आता इतक्या धक्काबुक्कीत कुणाचं बोट कुणाला निसटतं लागलं, हे पंचांना दरवेळी कुठून दिसणार? म्हणून जुन्या मातीतल्या खेळाचा एक रिवाज होता. ज्याला लागलं त्याने स्वतः हात वर करायचा आणि बाहेर चालू लागायचं. आमच्या वेळेपर्यंत हा रिवाज फक्त म्हाताऱ्या खेळाडूंच्या भाषणात उरला होता. पंचांनी पाहिलं तर बाद, नाहीतर तोंड मिटून उभं राहायचं, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. चांगुणाला ते पाठच होत नव्हतं. समोरचीचं नख घासून गेलं तरी हिचा हात वर. आमचे सर डोक्याला हात लावायचे. "अगं पोरी, पंचाला दिसलं नाही, तुला काय घाई झाली होती?" ती म्हणायची, "पर मला लागलं ना, सर." सर शिट्टी वाजवून पुढचा डाव लावायचे.

आज मुलींना शिकवताना मला हे आठवतं आणि वाटतं, त्या सबंध हंगामात आमच्या संघात एकच मुलगी अशी होती जी स्वतःविरुद्धही खरं बोलायची. आणि उद्धट असा शिक्का बसला तो नेमका तिच्यावर.

ते घडलं स्पर्धेच्या उद्घाटनाला. राज्य स्पर्धेआधी आमच्या संघाचे सामने व्हावेत म्हणून मंडळाने मोठी स्पर्धा ठेवली होती. मांडव, कमान, कुणीतरी बडे पाहुणे येणार होते. सकाळी मंडळाचे लोक शिबिरात आले आणि अकोल्याच्या तिघींना बाजूला घेऊन गेले. चांगुणा आणि तिच्याबरोबरच्या दोघी. आम्हाला वाटलं, काही कागदपत्रांचं असेल. आम्ही नव्या ट्रॅकसूटमध्ये रांगेत उभ्या राहिलो आणि कमानीकडे पाहतो तर त्या तिघी तिथे, गुडघ्यापर्यंत खोचलेली लुगडी नेसलेल्या. डोक्याला आंब्याची पानं बांधलेली, पानांत मोरपीस खोचलेलं. शेजारी ढोलवाला. पाहुण्यांची गाडी आली की तिघींनी नाचत पुढे यायचं होतं. आमच्याकडे ही रीतच आहे. मोठा माणूस येणार असेल तर डोंगरातल्या पोरी नाचायला बोलावतात, म्हणजे कार्यक्रमाला रंग येतो.

चांगुणा नाचली नाही. तिने डोक्यावरची पानं काढली, जुडी करून ढोलवाल्याच्या हातात दिली. कुणीतरी मोबाईल समोर धरून विचारलं, "काय झालं गं, नाचत का नाहीस?" तेव्हा मोबाईल नुकते सगळ्यांच्या हातात आले होते आणि प्रत्येकाला काहीतरी टिपायचं असायचं. चांगुणाने सरळ त्या मोबाईलकडे बघून सांगितलं, "आमाला खेळाया बोलावलंय ना? मंग नाचवता कशापायी? आमच्यात कोनी डोक्याला पानं बांधत न्हाई. तुमचं पावनं आलं की तेवढी बांधाया लागत्यात."

एवढंच. आवाज चढवला नाही, कुणाला शिवी दिली नाही. मग ती आत गेली, ट्रॅकसूट घातला आणि आमच्या रांगेत येऊन उभी राहिली. उरलेल्या दोघी नाचल्या. पाहुण्यांनी त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतला.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ तालुक्यातालुक्यात फिरला. त्याखाली काय काय लिहिलं होतं ते आम्ही मुली एकाच मोबाईलवर डोकी जोडून वाचत होतो. माज आलाय. फुकटचं खाऊन शिकतात आणि वर तोंड करून बोलतात. खेळाडूने खेळावं, पुढारपण करू नये. आणि सगळ्यात जास्त लोकांनी लिहिलं होतं, हिला स्वतःच्या संस्कृतीची लाज वाटते. ज्यांनी जन्मात कधी तिच्या डोंगराची पायवाट पाहिली नव्हती ते तिला तिची संस्कृती शिकवत होते. तिची फडकी तेव्हा तिच्या खांद्यावरच होती. रोजच असायची. पण ती फोटोत यावी इतकी कुणाला हवी नव्हती.

आता त्याच स्पर्धेतल्या दुसऱ्या दोन गोष्टी सांगते. मुलांच्या संघातला एक गडी, बागायतदाराघरचा, पंचाच्या अंगावर धावून गेला आणि त्याने गळपट्टी धरली. त्याच संध्याकाळी त्याची उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली. "गरम रक्ताचा आहे," म्हणून लोक कौतुक करत होते. दुसरी गोष्ट माझीच. माझी चढाई बाद दिली म्हणून मी पंचांच्या टेबलावरची पाण्याची बाटली लाथेने उडवली. माझा स्वभावच तसा, आजही आहे, माझ्या मुलींना विचारा. दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो आला आणि खाली छापलं होतं, रणरागिणी. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते कात्रण दुकानादुकानांतून दाखवलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. पण बाब्या असणं कसं असतं ते मला त्या दिवशी समजलं. फार सुखाचं असतं ते. कळतही नाही आपण बाब्या आहोत म्हणून.

मला राहवलं नाही. त्या दिवशीच्या सामन्यानंतर मला उत्कृष्ट चढाईचं बक्षीस मिळालं. बक्षीस घ्यायला मंचावर गेले, तिथला माईक हातात घेतला आणि चांगुणा जे बोलली तेच मी बोलले. म्हटलं, आम्ही इथे खेळायला आलोय, आमच्यातल्या कुणालाही पाहुण्यांसमोर नाचायला लावणं बरोबर नाही, चांगुणाचं काही चुकलेलं नाही. वाटलं, आता माझंही काही खरं नाही.

आणि टाळ्या पडल्या. सगळा मांडव टाळ्या वाजवत होता. मंडळाच्या अध्यक्षांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि माईक ओढून घेत म्हणाले, "पोरगी बाणेदार हाय! कोनाची म्हनायची?" खालून कुणीतरी अण्णांचं नाव घेतलं. अध्यक्ष हसले. "मंग बोलनारच की! मैत्रिणीसाठी उभी ऱ्हायली, याला म्हनत्यात संस्कार." पुन्हा टाळ्या पडल्या. अण्णा पहिल्या रांगेत होते, त्यांनी डोळे पुसले.

मी खाली आले तेव्हा चांगुणा मांडवामागच्या पाण्याच्या टाकीपाशी बसली होती. मी शेजारी बसले. तिने मला विचारलं, "तू बोललीस ते मपलंच बोलनं व्हतं ना?"

"हो."

"मंग टाळ्या तुला कशा काय पडल्या?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं, टोमण्यांना उत्तर द्यायला मी कधीच कमी पडत नाही. तिला खरोखरच कळत नव्हतं आणि ती मला विचारत होती, जसं एखादं गणित विचारावं तसं. मी म्हटलं, "मी तुझ्यासाठीच बोलले गं." ती म्हणाली, "मला ठावं हाय ते." टाकीच्या नळातून पाणी ठिबकत होतं आणि खाली चिखल झाला होता. आजही मला त्या प्रश्नाचं उत्तर तोंडपाठ आहे, पण ते मी तिला कधी दिलं नाही. ते तिलाही कळलं असणारच.

दुसऱ्या दिवशी सर तिला समजवायला आले. सर वाईट नव्हते. मुलींना स्वतःच्या घरून दूध आणून देणारा माणूस होता तो. ते म्हणाले, "बाळ, एक वाक्य बोल आणि संपव. मंडळ म्हणतंय, माफी मागितली नाही तर राज्याच्या संघात नाव जाणार नाही. तिथं खेळलीस तर प्रमाणपत्र मिळेल, उद्या पोलीस भरतीला उपयोगी पडेल. घरचा विचार कर." चांगुणाने विचारलं, "सर, मी काय चुकीचं बोलले तेवढं सांगा. मंग मागते माफी." सरांनी खाली बघितलं. म्हणाले, "चुकीचं काय न्हाई गं. पण तू बोलायला नको होतंस."

तिने माफी मागितली. सामना सुरू होण्याआधी, माईकवरून, सगळ्यांसमोर. "मपल्या बोलन्यानं कुनाचं मन दुखलं आसंल तर माफी आसावी." कुणीतरी शीळ घातली. अध्यक्ष मोठ्या मनाने म्हणाले की पोर आपलीच आहे, चुका व्हायच्याच. माझ्या बाटलीबद्दल मला कुणी माफी मागायला लावली नव्हती. मला तर कुणी ती बाटली उचलायलाही लावली नव्हती.

राज्य स्पर्धेला ती आमच्याबरोबर आली. खेळली, चांगली खेळली. भाकरी खायला आम्ही शेजारी बसायचो, पण बोलणं कमी झालं होतं. माझीच चटणी, तिचीच भाकरी, आणि तरी काहीतरी आटलं होतं. मग तो सामना आला. थोडाच वेळ उरला होता, दोन्ही संघांचे गुण बरोबरीत होते. समोरची मुलगी चढाईला आली, डाव्या कोपऱ्याकडे वळली आणि तिची बोटं चांगुणाच्या दंडाला लागली. मी मध्येच उभी होते, मला अगदी स्वच्छ दिसलं. ती मुलगी परत पळाली आणि पंचांकडे बघत आपला हात नाचवायला लागली, लागला, लागला म्हणून. पंचांना दिसलं नव्हतं. मी चांगुणाकडे पाहिलं. सगळ्याच जणी तिच्याकडे पाहत होत्या.

तिने हात वर केला नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ती तशीच वाकून उभी राहिली आणि मातीकडे बघत राहिली. पंचांनी गुण दिला नाही. पुढच्या चढाईत आम्ही एक गुण घेतला आणि तो सामना जिंकला. आम्ही सगळ्या मैदानात एकमेकींच्या गळ्यात पडलो. सर धावत आले, चांगुणाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शाब्बास! आत्ता कळला तुला खेळ."

मला आजवर पुष्कळ गोष्टींचं वाईट वाटलं आहे, पण त्या शाब्बासकीइतकं कशाचंच वाटलेलं नाही. सर मनापासून म्हणाले होते. त्यांनी तिला पहिल्यांदाच शाब्बास म्हटलं होतं. आणि ती हसली होती, इतरांसारखीच.

पुढच्या थंडीत ती शिबिराला आली नाही. मग कधीच आली नाही. प्रमाणपत्र तिला मिळालं होतं, पण ती भरतीला गेली नाही. का गेली नाही, हे विचारायचा मला हक्क नाही असं वाटतं. तिचं लग्न झालं, शेजारच्याच गावात. भात लावते, काढते, आणि जवळच्या आश्रमशाळेतल्या मुलींना कबड्डी शिकवते. मला मात्र खेळाच्या जोरावर नोकरी लागली. वर्तमानपत्रवाले खेळाबद्दल काही असलं की मला फोन करतात, कारण मी स्पष्ट बोलते असा माझा लौकिक आहे. मी खेळातल्या राजकारणावर बोलते, पुढाऱ्यांवर बोलते. लोक म्हणतात, बाई फटकळ आहे पण खरी आहे. एखादी डोंगरातली पोर माझ्यासारखी फटकळ झाली तर तिला खरी म्हणायला किती वर्षं लागतील, कोण जाणे.

तर सचिवांचा निरोप होता आणि तो मला द्यायचा होता. मी बरेच दिवस टाळलं. शेवटी एका दुपारी मैदानाच्या कडेला बसून फोन लावला. पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या, कुणीतरी काहीतरी पाखडत होतं.

"सत्कार? कशापायी?" चांगुणाने विचारलं.

"आपण खेळलो म्हणून."

"बरं हाय की."

"आणि ते म्हणतात..." मी अडखळले. अडखळायची मला सवय नाही. "ते म्हणतात, तू तुमच्या पारंपरिक वेशात यावं."

पाखडण्याचा आवाज थांबला. मग तिने विचारलं, "आन तुला गं? तुला काय नेसून ये म्हनले?"

"मला? मला काही नाही म्हणाले."

"का बरं? तुपली आजी बी लुगडंच नेसायची की."

माझी आजी लुगडंच नेसायची, आणि तेही गुडघ्यापर्यंत खोचून, कापसात वाकून वाकून. माझ्या सत्काराला तिचा वेश नेसून ये असं मला कधीच कुणी सांगितलं नाही. मी आपली साधी माणूस होते. वेश असायचा तो दुसऱ्यांना.

"मी काय यायची न्हाई," चांगुणा म्हणाली. रागाने नाही, उद्या बाजार नाही असं सांगावं तशी. "त्या दिशी मपल्या पोरींची मॅच हाय. तूच ये इकडं. भात नवा हाय."

मी सचिवांना कळवलं. ते म्हणाले, "असू द्या, मॅडम. अकोल्याकडची दुसरी एखादी खेळाडू माहिती असेल तर बघा ना. वेशाचं तेवढं तिला सांगा." मग मात्र माझी जीभ सुटली. मी त्यांना जे जे सुचलं ते सगळं ऐकवलं, जुनंनवं काही ठेवलं नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "तुमचा हाच स्पष्टपणा आम्हाला आवडतो, मॅडम. भाषणात थोडं यावरही बोला." मी फोन ठेवला. मांडवातल्या त्या टाळ्या अजून संपलेल्या नाहीत, हे माझ्या ध्यानात आलं.

सत्काराच्या दिवशी मी अकोल्याला गेले. माझी शाल आणि नारळ त्यांनी नंतर शाळेत पाठवून दिला, नारळाची आम्ही मुलींना बर्फी करून घातली. राजूरहून जीपने वर जाताना धरणाचं पाणी खाली निळं दिसत होतं. भात काढून झालेली खाचरं मोकळी पडली होती आणि सगळीकडे पेंढ्याचा वास होता. इथे मळीचा वास नाही. नाक सारखं तो शोधत राहिलं.

एका खाचरातली धसकटं काढून तिथेच मैदान केलेलं होतं. रेषा राखेने मारल्या होत्या आणि मध्यरेषा, मला फार बरं वाटलं, वाकडी होती. चांगुणा बांधावर उभी होती. केस थोडे पांढरे झालेत. अंगात जुना ट्रॅकसूट, वरून फडकी, पुढे गाठ मारलेली, कारण वारा बोचरा होता. मला बघून तिने लांबूनच विचारलं, "चटनी आनली का?" मी आणली होती.

तिच्या मुलींचा सामना पलीकडच्या गावातल्या मुलींशी होता. पंच म्हणून आश्रमशाळेतलेच एक मास्तर शिट्टी घेऊन उभे होते आणि त्यांचं निम्मं लक्ष मोबाईलमध्ये होतं. आम्ही बांधावर बसलो. खेळ रंगला होता. समोरची मुलगी चढाईला आली, घुटमळली, डाव्या कोपऱ्याकडे झेपावली आणि परत गेली. मास्तरांना काही दिसलं नाही. खरं तर मलाही दिसलं नव्हतं. शिट्टी वाजली नाही.

आणि डाव्या कोपऱ्यातल्या मुलीने हात वर केला. ती हात तसाच वर धरून चालत रेषेबाहेर गेली आणि बाहेर जाऊन मांडी घालून बसली. खेळ पुढे चालू झाला.

मी चांगुणाला म्हटलं, "तू शिकवलंस ना हे?"

"मी?" ती समोर बघतच म्हणाली. "मी तर नगं म्हनते. रोज वरडते त्यांच्यावर. पंचानं बगितलं न्हाई तर गप उबं ऱ्हावा, म्हनते. आपल्या हातानं आपलं नुकसान करू नगा, म्हनते. पुढं जाऊन लई महागात पडंल."

"मग?"

"आयकत न्हाईत."

तिने फडकी घट्ट ओढून घेतली. दोन्ही हात तिने फडकीच्या आत धरले होते आणि तिच्या मुली जिंकत होत्या तरी ते तिने बाहेर काढले नाहीत.